उताणा हात

पाहुण्यांमधल्या त्या बाईंनी तो प्रश्न विचारायला नको होता. बरं, विचारला तर विचारला, पण मी तरी नेहमीचं उत्तर ठोकून द्यायला नको होतं. आमच्या संस्थेत महिन्यातून एकदा पाहुणे येतात. कोणी कंपनीचे, कोणी कॉलेजचे, कोणी नुसतेच साहेबांच्या ओळखीचे. आणि त्यांच्यापुढे गरम पाण्याचा खेळ करून दाखवायचा तो मीच, कारण साहेबांच्या मते मला समजावून सांगता येतं आणि तरुण मंडळींना नुसतं इंग्रजी येतं. खेळ अगदी साधा. आमच्या ब्लेंडची एक पांढरी पट्टी घ्यायची, ती आधीच पिळून, गोळा करून, थंड करून ठेवलेली असते. पाहुण्यांच्या हातात द्यायची. ते दाबून बघतात, वाकवून बघतात, गोळा काही सुटत नाही. मग तो गोळा पासष्ट डिग्रीच्या पाण्यात सोडायचा. पाण्यात पडला की तो आधी काचेसारखा आरपार होतो, मग आळस द्यावा तसा सावकाश उलगडतो आणि दहा-बारा सेकंदांत होता तसा सपाट. हे झालं की टाळ्या पडतात. बावीस वर्षं झाली, टाळ्या न चुकता पडतात. मग मी सांगतो की यात दोन प्लास्टिकं घोटलेली आहेत, एक भिडस्त आणि एक हट्टी. भिडस्त आहे ते गरम झालं की मऊ पडतं, म्हणाल तसं वाकतं, थंड झालं की तिथेच बसून राहतं. हट्टी आहे ते कधीच कोणाचं ऐकत नाही, पहिल्यांदा भट्टीत जो आकार मिळाला तोच धरून बसतं. भिडस्ताची पकड सुटली रे सुटली की हट्टी सगळ्यांना ओढून घरी नेतं. वर बारीक तंतू घातलेत, ते ताकदीसाठी. इथे लोक हसतात, साहेबही हसतात, दर वेळी नव्यानं. आज त्या बाई मात्र हसल्या नाहीत. माझ्याच वयाच्या असतील, केस पिकलेले, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. म्हणाल्या, "म्हणजे याला आधीचं आठवतं. मग मधे जो आकार दिला होता, तो कुठे जातो?" मी पट्टी चिमट्यानं बाहेर काढत होतो. म्हटलं, "जात नाही कुठे, बाई. तो नसतोच. ह्याच्या लेखी तो झालेलाच नसतो." आणि चिमटा हातातून सुटला.

पट्टी फरशीवर पडली, कोणाच्या तरी बुटापाशी. ती उचलायला वाकलो आणि वाकल्यावर वर यायलाच होईना. गुडघ्याचं दुखणं असेल असं सगळ्यांना वाटलं. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या जेवणाच्या टेबलावर सकाळी मी मुद्दाम विसरून आलेली वस्तू उभी राहिली होती. साहेबांनी गेल्या आठवड्यात गळ घातली होती. "तुमच्या मुलीच्या हाताला आधार म्हणून केलेला तो स्प्लिंट आणा ना. आपल्या ब्लेंडचा माणसाच्या अंगावर झालेला तो पहिला वापर. काचेच्या पेटीत ठेवू, खाली दोन ओळी लिहू." माणूस वाईट नाही. जिवावर येईल असं काही आपण मागतोय हे त्याच्या लक्षातही आलं नसणार. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. कपाटात, माझ्या मोज्यांच्या खणात, दोन वर्षं तो पडून होता. काल बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि हिला, म्हणजे बायकोला, म्हटलं, "उद्या हा ऑफिसात न्यायचाय, लोकांना बघायला ठेवणार आहेत." दोन वर्षांत त्या वस्तूबद्दल आमच्यात झालेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही मीच बोललेलो. सकाळी तो तिथेच ठेवून निघालो. साहेबांनी विचारलं, "आणलात?" म्हटलं, "राहिला बघा टेबलावर." साहेब म्हणाले, "हरकत नाही, उद्या." अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी बाहेर पडलो. बस पकडली नाही. चालत निघालो.

आमची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी कधी बसायची नाही. एकोणिसाव्या वर्षी डाव्या हातातून कप पडायला लागले. आधी एक पडला, आम्ही हसलो. मग दुसरा. ही म्हणाली, "अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" भिंगरी डावखुरी होती, लिहिणं, जेवणं, चापट मारणं, सगळं डाव्यानं, आणि तो डावाच हात तिचं ऐकेनासा झाला. डोक्यात गाठ निघाली. गाठ काढली, सगळी निघाली नाही. त्यानंतर डाव्या हाताची बोटं आत वळायला लागली, मूठ मिटायला लागली, आणि हॉस्पिटलातल्या हाताच्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या की स्प्लिंट लागेल, बोटांना आधार दिला नाही तर सांधे धरतील. त्यांच्याकडे तयार मिळणारं प्लास्टिक होतं. मी म्हटलं, थांबा, आमच्याकडे याच्यापेक्षा चांगलं आहे. काय ती घमेंड! मुलगी खाटेवर पडलेली आणि हा बाप स्वतःच्या मालाची जाहिरात करतोय. पण मला करण्यासारखं तेवढंच होतं. डॉक्टरला डॉक्टरचं काम होतं, हिला उशाशी बसायचं काम होतं, मला काय होतं? मी दोन प्लास्टिकं घोटणारा माणूस. मी घोटलं.

रस्त्यात एका दुकानाच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसलं, डाव्या हाताची बोटं अर्धवट वळवून चाललेलं. हे मी हल्ली करतो. मोजे काढायला खण उघडला की आधी स्प्लिंटमधे हात घालून बघायची सवय लागली आहे. तो डाव्या हाताचा, म्हणून डावा घालतो. माझा पंजा मोठा, पुरता मावत नाही, पण बोटांची टोकं तिच्या बोटांच्या खळग्यांत बरोबर टेकतात. अंगठ्याच्या मुळाशी एक फुगीर जागा आहे, करंगळी जिथे आत शिरत होती तिथे खोलगट आहे. आंधळ्यानंही ओळखावा इतका तो तिचा हात आहे. फोटोत चेहरा असतो, आवाज फोनमधे साठवलेला असतो, पण हात धरल्यासारखं वाटेल असं दुसरं काही माझ्याकडे नाही. लोकांना वाटतं माणूस फोटो बघून रडतो. मी मोज्यांच्या खणापाशी रडतो. मग मोजे घालतो आणि कामावर जातो. हे मी हिला कधी सांगितलं नाही. हिनं कधी विचारलं नाही. काचेच्या पेटीत गेला की हात घालता येणार नाही, हे कालपर्यंत माझ्या टाळक्यात कसं शिरलं नाही कोण जाणे.

आणि एक गोष्ट त्या बाईंच्या प्रश्नापर्यंत मी स्वतःपासूनसुद्धा लपवून ठेवली होती. तिच्या हाताचा आकार कायमचा करता आला असता. तिच्या हाताचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, शीट त्याच्यावर बसवायची आणि तशीच भट्टीत घालायची. मग हट्टी प्लास्टिकानं तोच आकार धरला असता, पहिला आणि शेवटचा. वाटेल तेवढं गरम पाणी ओता, उलगडला तरी परत तिच्याच हाताकडे आला असता. आमच्याकडच्या एकानं तेव्हा सुचवलंही होतं. मी त्याला झापलं. "अरे, आठ दिवसांत तिची बोटं सरळ व्हायला लागतील. दर आठवड्याला आकार बदलावा लागेल. कायमचा करून काय करू, पुजू?" म्हणून मी सपाट शीट घेतली. सपाट हा शीटचा कायमचा आकार. भिंगरीचा हात मधला. बदलायला सोपा जावा म्हणून मधला. आशा होती मला, दुसरं काही नव्हतं. आणि आकार मी खरंच दर आठवड्याला बदलला. गरम हवेची बंदूक घेऊन जायचो, फक्त बोटांकडचा भाग मऊ करायचो, मनगटाला हात लावायचो नाही. पण बोटं सरळ होत नव्हती, उलट थोडी जास्त वळलेली असायची. व्यायामाच्या बाई म्हणायच्या, "जबरदस्ती करू नका, हात म्हणतोय तसं घ्या." पाच आठवडे मी हात म्हणतोय तसं घेत गेलो. सहाव्या आठवड्यात काही घ्यायचं राहिलं नाही.

पहिल्या दिवशीचं माप मात्र डाव्या हाताचं नव्हतं. आजारी हात टेबलावर सपाट पसरत नाही, तो मिटलेला, त्याची रेघ कशी ओढणार? अशा वेळी चांगल्या हाताचं माप घेतात. उजवा हात उताणा ठेवला की त्याची आखणी पालथ्या डाव्याला बरोबर जुळते. आधी कागदावर काढायचं, कापायचं, मग शीटवर उतरवायचं, अशी पद्धत. मला दम कुठला? मी थेट शीटवरच काढलं. तिच्या खाटेच्या टेबलावर शीट ठेवली आणि म्हटलं, "उजवा हात ठेव, उताणा." तिनं ठेवला. पंजा वर करून, बोटं फाकवून. आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, हात पसरलाय. काय देतोस?" म्हटलं, "शहाणपणा देतो, धर." म्हणाली, "तुझ्याकडे जास्तीचा आहे का?" मी पेनानं बोटांच्या कडेकडेनं गेलो, तिला गुदगुल्या झाल्या, ती हलली, अनामिकेपाशी रेघ बिघडली. मी म्हटलं, "भिंगरे, गप बस." तेवढ्यात नर्सनं पाणी तापल्याची हाक मारली म्हणून मी उठलो. परत आलो तर भिंगरीनं माझं पेन उजव्या हातात धरलेलं, ज्या हाताला कधी पेन धरायची सवय नाही त्या हातात, आणि शीटवर गिरगटतेय, मनगटाच्या जागी, जीभ दातात धरून. मी ओरडलो. खरोखर ओरडलो, शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. "अगं, खेळणं वाटलं का तुला ते? वही आहे का ती? पाणी गार होतंय तिकडे!" आणि पेन तिच्या बोटांतून ओढून घेतलं. ती म्हणाली, "झालंच होतं रे." मी घाईघाईनं रेघेबाहेरून शीट कापली, तिनं काय काढलंय ते न बघता पाण्यात घातली, मऊ झाली, तिच्या मिटलेल्या हातावर बसवली, थंड होईपर्यंत माझ्या दोन्ही हातांनी दाबून धरून बसलो. आत काहीतरी निळं गोल-गोल होतं. व्यायामाच्या बाईंसमोर ते बरं दिसत नव्हतं. वर मऊ फोमचं अस्तर चिकटवून टाकलं. त्या अस्तरावर तिचा हात पाच आठवडे राहिला.

जिना चढताना मी पायऱ्या मोजतो, सवय आहे. आज मोजल्या नाहीत. हिनं दार उघडलं. हात ओले, साबणाचा वास, आणि चेहरा असा की काहीतरी केलंय आणि ते चांगलं की वाईट तेच कळत नाहीये.

"लवकर आलात?"

"हो. टेबलावरचा कुठाय?"

"धुतला," ही म्हणाली. "लोकांपुढे जायचा, असा मळका कसा जाईल? वास पण येत होता हो त्याला. औषधांचा, घामाचा. तिचाच वास, पण लोकांना काय..."

"कशानं धुतला?"

"गरम पाण्यानं. चांगलं कढत घेतलं, साबण घातला."

मी खुर्चीच्या पाठीचा दांडा धरला. खिडकीपाशी टॉवेल अंथरलेला होता आणि त्यावर तो पालथा पडला होता. सपाट. बोटांचे खळगे नाहीत, अंगठ्याच्या मुळाची फुगीर जागा नाही, करंगळीची खोली नाही. दुकानातून आणल्यासारखी सपाट पांढरी शीट, हातमोज्यासारखी कापलेली. कितीजणांना मी आजवर बजावलंय, गरम पाणी नाही, उन्हात गाडीत ठेवायचं नाही, गिझरखाली धरायचं नाही. हॉस्पिटलातल्या भिंतीवर माझ्या हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला आहे, तसाच, लाल शाईनं. आणि घरात एकाच माणसाला सांगायचं राहिलं, कारण घरात त्या वस्तूचं नाव काढायचं नाही असं आम्ही दोघांनी न ठरवता ठरवलं होतं.

"पाण्यात टाकला तसा एकदम काचेसारखा झाला," ही सांगत होती, भराभर, माझ्याकडे न बघता. "मी घाबरलेच. मग आपोआप उलगडायला लागला. मी हातसुद्धा लावला नाही हो, शप्पथ. एकेक बोट सरळ होत गेलं. वेड्यासारखी बघत बसले. क्षणभर वाटलं..." ती थांबली. काय वाटलं ते मला कळलं. पाच आठवडे ती रोज तेलाच्या हातानं तीच बोटं एकेक करून सरळ करायला बघायची. "पण परत होईल ना तो तसा? होईलच म्हणा. तुमचं ते लक्षात ठेवणारंच प्लास्टिक आहे ना?"

माझ्या तोंडात हो आलं होतं. हो म्हटलं असतं तर ती स्वयंपाकघरात गेली असती, मी उद्या संस्थेत जाऊन माझ्याच हातावर एक आकार दिला असता आणि तिला आणून दाखवला असता. तिला कळलं नसतं. का कळलं नसतं? तिला पहिल्या नजरेत कळलं असतं. आणि दुसरीकडे असा संताप आला होता की टॉवेलसकट ती शीट उचलून भिंतीवर फेकावी, हिला दोन्ही खांद्यांना धरून हलवावं आणि विचारावं, दोन वर्षं हात लावला नाहीस, आजच कुठून सुचलं? पण ओरडल्यावर काय होतं ते मी एकदा बघितलेलं आहे.

"नाही होणार," मी म्हटलं. "त्याच्या लक्षात पहिला आकार असतो. सपाट. भिंगरीचा हात आपण नंतर दिला."

"म्हणजे तिचा हात त्याच्या लक्षातच नाही?"

"नाही."

ती खाली बसली, खुर्चीवर नाही, फरशीवरच. रडली नाही. ओल्या हातांनी पदर घट्ट धरून म्हणाली, "मग मला सांगायचं नाही का? साऱ्या जगाला सांगता. मला एकदा सांगायचं, की बाई, ह्याला गरम पाणी लावू नकोस. मी काय मुद्दाम..." आणि मग रडली. मीही तिच्याशेजारी बसलो, गुडघे कुरकुरले. "चुकलं माझं," मी म्हटलं. "मी रोज त्यात हात घालून बघायचो." ती म्हणाली, "माहितेय मला. मोजे काढायला कोणाला एवढा वेळ लागतो?" शेजारच्या घरात कोणीतरी फर्निचर सरकवत होतं.

भिंगरी चार-पाच वर्षांची असताना तिला घड्याळ हवं होतं. खरं घड्याळ मोठं झाल्यावर, असं आम्ही म्हणायचो, म्हणून मी पेनानं तिच्या मनगटावर काढून द्यायचो. गोल, बारा ठिपके, दोन काटे, पट्टा, बक्कल. दोन काटे नेहमी एकाच जागी, कारण ती विचारायची, "बाबा, तू कधी येणार?" आणि मी म्हणायचो, "ह्यात बघ. एवढे वाजले की येणार. सव्वापाच." दिवसभर ती हिला मनगट दाखवत फिरायची, सव्वापाच झाले, सव्वापाच झाले, बाबा येणार. आंघोळीत पुसून जायचं. रविवारी दुपारी रडून पुन्हा काढून घ्यायची. हे मला तिथे फरशीवर बसल्यावर का आठवलं? तोवर आठवलं नव्हतं. आठवायला कारण होतं, पण ते मला एक मिनिटानं कळलं. हिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यातला तो मऊ तुकडा निघून आला पाण्यात. फेकला नाही, वाळत घातलाय. त्याच्याखाली निळं काहीतरी काढलेलं होतं. तुमच्या मापाच्या खुणा असतील म्हणून घासलं नाही मी."

मी उठलो. शीट उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. बोटांच्या कडेची माझी रेघ होती, अनामिकेपाशी बिघडलेली, उघडा, पसरलेला, उताणा हात. मिटलेला नाही, चांगला. आणि मनगटाच्या जागी, ज्या हाताला कधी पेन धरायची सवय नव्हती त्या हातानं काढलेलं, एक वाकडा गोल. आत बारा ठिपके, एका बाजूला दाटीवाटीनं, दुसऱ्या बाजूला विरळ. दोन्हीकडे पट्टा, पट्ट्याला बक्कल, बक्कलाला बारीक छिद्रं. मधल्या ठिपक्यापासून एक लहान काटा निघालेला, पाचाच्या किंचित पुढे. त्याच ठिपक्यापासून दुसरी एक रेघ तिनाच्या दिशेनं जेमतेम निघाली होती आणि मग एकदम वाकडी होऊन, गोलाबाहेर, पट्ट्यावरून, शीटच्या काठापर्यंत ओढली गेली होती. ती तिनं काढलेली नव्हती. ती मी पेन ओढलं तेव्हाची होती.

ही मागे येऊन उभी राहिली. माझ्या खांद्यावरून बघत होती. "अगंबाई, घड्याळ," ती म्हणाली. मग जवळ येऊन, बोट न लावता, "किती वाजलेत हो यात?"

"सव्वापाच करायचे होते तिला," मी म्हटलं. "मी करू दिले नाहीत."